गाडी उभी राहिली की एसीचा गारवा जातो? गॅस भरण्याआधी हा क्रम पाळा

गाडी धावत असताना एसी छान गार, सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये दोन-चार मिनिटं थांबलं की कोमट हवा. पुन्हा वेग घेतला की पुन्हा गार. या तक्रारीवर बहुतेक जण पहिलं काम एकच करतात: गॅस भरून घेतात. क्रम नेमका इथेच चुकतो. उभ्या गाडीत एसी कमी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण गॅस नसून कंडेन्सरवरून न जाणारी हवा हे असतं. अशा गाडीत वरून गॅस भरला तर दाब आणखी वाढतो आणि उभ्या गाडीतला गारवा आधीपेक्षाही कमी होतो.

गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे, कंडेन्सर बसवलेला असतो. केबिनमधून शोषलेली उष्णता तो बाहेर टाकतो आणि गरम गॅसचा द्रव करतो. गाडी धावते तेव्हा समोरून वारा आपोआप लागतो, फॅन बंद असला तरी निभावतं. गाडी थांबली की सगळी भिस्त फॅनवर येते. फॅन मंद असेल किंवा कंडेन्सर चोंदलेला असेल तर गॅसचा पूर्ण द्रव होत नाही, गॅसच्या वाटेतल्या कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब चढतो आणि आतल्या इव्हॅपोरेटरचं (केबिनची हवा जिच्यावरून गार होते त्या जाळीचं) तापमानही त्याबरोबर वर जातं. आयडलवर, म्हणजे इंजिन रेस न देता नुसतं चालू असताना, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसरही सगळ्यात सावकाश फिरत असतो, त्यामुळे त्याची किंवा बेल्टची कमजोरी तेव्हाच उघडी पडते.

म्हणून तपासणी बाहेरून आत करायची: आधी मोजमाप, मग हवा, मग कॉम्प्रेसर, आणि गॅस सगळ्यात शेवटी.

## सुरुवात करण्याआधी: तक्रार हीच आहे ना?

सारख्या दिसणाऱ्या काही तक्रारींचं कारण अगदी वेगळं असतं.

- सुरुवातीला गार, लांबच्या प्रवासात व्हेंटमधून येणारी हवा हळूहळू कमी होते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक: इव्हॅपोरेटरवर बर्फ धरतोय. आपल्या तक्रारीच्या हे बरोबर उलट आहे. फॅन बदलून फायदा नाही.
- धावताना आणि उभी असताना, दोन्ही वेळा सारखाच कमी गारवा: गॅस कमी, आतला तापमानाचा फ्लॅप अडकलेला किंवा केबिन फिल्टर तुंबलेला. थेट टप्पा ६ आणि ७ पाहा.
- सिग्नलला इंजिनच बंद होतं आणि मग हवा कोमट होते: बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर इंजिन थांबलं की थांबणारच. ऑटो स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद करून पुन्हा पाहा.
- उभ्या गाडीत दोन मिनिटं गार, दोन मिनिटं गरम, असं आळीपाळीने: दाब फार चढल्यामुळे कॉम्प्रेसर संरक्षणासाठी बंद पडत असण्याची शक्यता मोठी. हा लेख याच तक्रारीसाठी आहे.

## तयारी

बारीक टोक असलेला डिजिटल थर्मामीटर, मल्टिमीटर, चांगला टॉर्च, वहीचा एक कागद, पाण्याचा पाइप किंवा फवारणीचा पंप, हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. प्रेशर गेज लागेल ते सातव्या टप्प्यात. गेज नसेल तरी पहिले सहा टप्पे घरच्या घरी होतात.

वेळ दुपारची निवडा. सकाळच्या गारव्यात तपासलं तर दोष लपतो आणि "सगळं ठीक आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, मागे भिंत आणि पुढे भिंत अशी नको, कारण इंजिनची गरम हवा तिथेच घुटमळते आणि आकडे बिघडतात.

सावधान: बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी कधीही करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये हवा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी फॅन-बेल्टपासून लांब ठेवा. आणि इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा त्याच्याजवळ हात घालायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर एसीचा स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार (आर-१३४ए किंवा आर-१२३४वायएफ) आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि नारिंगी वायरीत जीवघेणा व्होल्टेज असतो. अशा गाडीत कंडेन्सर आणि फॅन पाहण्यापुरतंच स्वतः करा.

## टप्पा १: तीन आकडे लिहून घ्या

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. "आता जरा बरं वाटतंय" हे मोजमाप नव्हे.

१. इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. एसी चालू, तापमान सर्वांत कमी, रिसर्क्युलेशन (केबिनमधलीच हवा फिरवणारं बटण) चालू, ब्लोअर कमालपेक्षा एक पायरी खाली, काचा बंद.

२. थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचा. बाहेरचं सावलीतलं तापमानही लिहा.

३. १० मिनिटं आयडलवर ठेवा. पहिला आकडा.

४. गाडी उभीच ठेवून कुणाला तरी १५०० ते २००० आरपीएमवर स्थिर रेस द्यायला सांगा. ३-४ मिनिटांनी दुसरा आकडा.

५. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी १० मिनिटं चालवा. तिसरा आकडा. हा आकडा शेजारी बसलेल्याने वाचावा, चालवणाऱ्याने नव्हे.

गाडी धावते तेव्हा दोन गोष्टी एकदम बदलतात: कंडेन्सरला वारा लागतो आणि कॉम्प्रेसरचा वेग वाढतो. सुधारणा यातल्या कशामुळे झाली ते धावत्या गाडीत कळत नाही. उभ्या गाडीला रेस दिली की फक्त वेग वाढतो, वारा नाही. म्हणून:

- रेस देऊन फरक पडत नाही, रस्त्यावर मात्र गार होतं: हवेचा प्रश्न आहे. टप्पा २, ३, ४ नीट करा.
- उभ्या उभ्या नुसती रेस दिली तरी चांगलं गार होतं: कॉम्प्रेसर, त्याचा बेल्ट, त्याला पुलीशी जोडणारा क्लच किंवा गॅसचं प्रमाण. टप्पा २ करून थेट टप्पा ५ वर जा.

एक अपवाद लक्षात असू द्या. काही गाड्यांत, विशेषतः मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपमध्ये, फॅन इंजिनच्याच पुलीवर असतो. तिथे रेस दिली की फॅनही जोरात फिरतो, आणि ही विभागणी तितकी नेमकी राहत नाही. तिथे पाण्याच्या चाचणीवर जास्त विसंबा.

## टप्पा २: पाण्याची चाचणी

गाडी आयडलवर, एसी चालू, व्हेंटमधली हवा कोमट झालेली. आता पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा दोन मिनिटं मारत राहा आणि थर्मामीटरकडे बघा.

तापमान भराभर ४-५ अंश किंवा जास्त उतरलं, तर कंडेन्सरला उष्णता टाकता येत नाहीये हे सिद्ध झालं. काहीच फरक पडला नाही तर फॅन बदलून पैसे घालवू नका.

या चाचणीची एक मर्यादा आहे. गॅस जास्त भरलेला असेल किंवा सिस्टिममध्ये हवा शिरलेली असेल तरी पाण्याने गारवा सुधारतो. गाडीत अलीकडेच कुणी अंदाजाने गॅस टॉप-अप केला असेल, तर फॅन आणि कंडेन्सर निर्दोष निघाल्यावर संशय त्या टॉप-अपवर घ्या.

सावधान: फवारा फक्त कंडेन्सरवर. फॅनच्या मोटरचं कनेक्टर, फ्यूज बॉक्स आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी नको. जोरदार धार तर नकोच.

## टप्पा ३: फॅन

"फॅन फिरतोय ना, मग ठीक आहे" हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं. पण फॅन फिरतो का, हा पहिला प्रश्न झाला. सगळे फिरतात का, योग्य दिशेने फिरतात का, पुरेशा वेगाने फिरतात का, आणि त्यांची हवा कंडेन्सरमधूनच जाते का, हे चार प्रश्न त्यानंतर उरतात.

### ३.१ चालू होतो का?

बऱ्याच गाड्यांत एसी लावल्याबरोबर फॅन सुरू होतो. काहींत गॅसचा दाब ठरावीक पातळीला गेल्यावरच होतो, म्हणून २-३ मिनिटं थांबा. त्यानंतरही शांत असेल तर फ्यूज आणि रिले पाहा. त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले क्षणभर बदलून लावला की रिलेचा निकाल लागतो.

फ्यूज उडालेला सापडला तर जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नका. फ्यूज बहुतेकदा मोटर जड झाल्यामुळे उडतो. मोठा फ्यूज लावला की पुढची पाळी वायरिंगची, आणि ती जळते.

इंजिनचं टेंपरेचर वाढल्यावर फॅन चालू होतो पण एसी लावल्यावर होत नाही, असंही आढळतं. तिथे मोटर चांगली आहे. दोष एसीच्या प्रेशर सेन्सरकडून येणाऱ्या संदेशात किंवा रिलेच्या वायरिंगमध्ये शोधायचा.

### ३.२ दोन्ही फॅन चालतात का?

अनेक गाड्यांत दोन फॅन शेजारी शेजारी असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्याच्या आवाजात ते लक्षात येत नाही. वरून टॉर्च मारून दोन्हींची पाती बघा. बंद फॅनची जागा नुसती रिकामी जात नाही: चालू फॅन तिथून इंजिनकडची गरम हवा उलटी ओढून घेतो.

### ३.३ दिशा

वहीचा कागद पुढच्या जाळीला लावून हात सोडा. कागद चिकटून राहिला पाहिजे. ढकलला जात असेल तर फॅन उलटा फिरतोय. मोटर बदलताना दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या की साधी डीसी मोटर खुशाल उलटी फिरते. धावत्या गाडीत समोरचा वारा तिला दाबून टाकतो, म्हणून तक्रार फक्त उभ्या गाडीत दिसते. अलीकडे मोटर बदललेली असेल तर ही तपासणी चुकवू नका.

### ३.४ वेग

पुष्कळ फॅनना दोन वेग असतात आणि कमी वेगासाठी रेझिस्टर असतो. हा रेझिस्टर फॅनच्या कव्हरवरच हवेच्या वाटेत बसवलेला सापडतो: चिनीमातीसारखा पांढरट ठोकळा किंवा उघडी तारेची गुंडाळी. जळाला की त्याच्या पिना तपकिरी होतात, सॉकेटचं प्लास्टिक वितळून कडक झालेलं दिसतं. मग कमी वेग पूर्ण बंद आणि फॅन थेट जास्त वेगावरच, तोही इंजिन चांगलंच तापल्यावर, सुरू होतो. मधल्या काळात एसी हवेविना राहतो.

मोटरचे ब्रश झिजले की फॅन फिरतो पण दमलेला फिरतो. बॅटरीची वायर काढून, इंजिन थंड असताना, पाती बोटाने फिरवा. सहज फिरून अलगद थांबली पाहिजेत. खरखर, अडखळणं किंवा मोटर आडवी हलणं म्हणजे मोटर बदलायची वेळ झाली. बंद फॅनच्या मोटरला लाकडी दांड्याने हलकं टकटक केल्यावर तो सुरू होत असेल तर ब्रश संपलेत. तो आज चालला तरी उद्याची खात्री नाही.

आता मल्टिमीटर. इंजिन चालू, एसी चालू, बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. फॅन जास्त वेगावर असताना त्याच्या कनेक्टरवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर अर्थिंग, गंजलेलं सॉकेट किंवा रिलेचे जळके संपर्क शोधा. बॅटरीवरच आयडलला व्होल्टेज १३ च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट आधी बघा. विजेअभावी फॅन आणि ब्लोअर दोन्ही मंदावतात. वेग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवरून हवा तसा कमी-जास्त होणाऱ्या फॅनला मात्र साधं मल्टिमीटर फसवं उत्तर देतं. तिथे स्कॅनरने फॅन १०० टक्क्यांवर चालवून बघावा.

### ३.५ इंजिनवर चालणारा फॅन

यात मधे व्हिस्कस क्लच असतो. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, फॅन पूर्ण थांबू द्या, मग हाताने फिरवा. स्पष्ट रोध जाणवला पाहिजे. गिरक्या घेत मोकळा फिरत राहिला तर क्लचमधलं सिलिकॉन तेल गेलंय. क्लचच्या मध्यभागाभोवती धूळ चिकटलेले तेलकट ओघळ दिसले तर आणखी खात्री पटते.

### ३.६ कव्हर आणि फोमच्या पट्ट्या

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं श्राउड, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडेच्या फोम किंवा रबराच्या पट्ट्या यांचं काम एकच: हवा दुसरीकडून न येता जाळीतूनच यावी. अपघाताच्या दुरुस्तीनंतर किंवा रेडिएटर बदलल्यावर या पट्ट्या परत बसवल्याच जात नाहीत. गाडी धावताना काही बिघडत नाही. थांबली की इंजिनमधली तापलेली हवा कडेच्या फटीतून फिरून पुन्हा कंडेन्सरसमोर येते, आणि फॅन तीच गरम हवा ओढत बसतो. फटी दिसल्या तर बाजारात मिळणारी उष्णता सोसणारी फोमपट्टी लावून घ्या.

तपासा: टेंपरेचरचा काटा मधोमध आहे म्हणून फॅनला निर्दोष ठरवू नका. बहुतेक गाड्यांत तो काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जागचा हलतच नाही. एसीला फॅनची गरज इंजिनाच्या खूप आधी लागते.

## टप्पा ४: कंडेन्सरची खरी सफाई

समोरून पाहिलं तर कंडेन्सर बहुधा बरा दिसतो. खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत असते. वरची पट्टी किंवा प्लास्टिकचं झाकण काढून तिथे टॉर्च मारा. धूळ, किड्यांचे पंख, गवताच्या कुसळी आणि कापसासारखं तरंगणारं बी यांचा तिथे नमद्यासारखा थर बनतो. कोपऱ्यातून उचलला तर कधी कधी अख्खा सुटून येतो. गाडी रोज धुणाऱ्यांच्याही गाडीत तो असतो, कारण समोरून मारलेलं पाणी घाण आणखी आत ढकलतं.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

२. मऊ ब्रशने, फिन्सच्या (कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांच्या) दिशेनेच, कोरडी धूळ झाडा. आडवा ब्रश मारला की फिन्स वाकतात.

३. पाणी आतून बाहेर मारा, म्हणजे इंजिनच्या बाजूने जाळीकडे. साध्या पाइपची धार पुरते.

४. मधल्या फटीत वरून पाणी सोडा आणि खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबा.

५. वाकलेले फिन्स फिन कोंबने हळूहळू सरळ करा.

सावधान: प्रेशर वॉशर जवळ धरून मारला तर फिन्स एका क्षणात आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. घरगुती अॅसिड किंवा जहाल क्लीनर अॅल्युमिनियम खातात. किडे चिकटून बसले असतील तर गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू पुरे.

सफाई करतानाच जोडांपाशी आणि कोपऱ्यांत तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो का ते पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, तेव्हा तो डाग गळतीचा असतो. जाळीसमोर बसवलेले जादा लाइट, बारीक शोभेची जाळी, मोठी पट्टी हेही हवा अडवतात, काढून पाहा.

इथे थांबून टप्पा १ मधलं मोजमाप पुन्हा करा, त्याच सेटिंगवर आणि साधारण तेवढ्याच बाहेरच्या तापमानाला. अनेक गाड्यांचा प्रश्न इथेच सुटतो.

## टप्पा ५: आयडल, बेल्ट, क्लच

एसी लावल्यावर आरपीएम किंचित वाढावेत किंवा निदान टिकावेत. बहुतेक पेट्रोल गाड्यांत गरम इंजिनचा आयडल ७०० ते ९०० च्या दरम्यान असतो. एसी लावताच इंजिन घसरत असेल, थरथरत असेल, तर इंजिनचा कंट्रोलर ते सावरण्यासाठी कॉम्प्रेसर तोडतो. इथे दुरुस्ती एसीची नाही. घाण झालेला थ्रॉटल बॉडी किंवा आयडल व्हॉल्व्ह साफ करण्याची आहे.

बेल्ट चकचकीत, भेगाळलेला किंवा ढिला असेल, एसी लावल्यावर किंचाळत असेल, तर बेल्टबरोबर टेन्शनरही तपासा.

क्लच असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये पुलीच्या पुढची तबकडी बघा. एसी चालू असताना ती पुलीबरोबर फिरली पाहिजे. थंड इंजिनवर धरते आणि तापल्यावर सुटते, असं असेल तर तबकडीतलं अंतर झिजून वाढलंय किंवा क्लचला पूर्ण व्होल्टेज मिळत नाहीये. घसरणाऱ्या क्लचभोवती गंजाच्या रंगाची भुकटी आणि जळका वास ही खूण. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, पुली कायम फिरते. तिथे नुसतं बघून काहीच ठरवता येत नाही.

## टप्पा ६: केबिनच्या आतलं

हा भाग झटपट होतो. केबिन फिल्टर काढून एसी लावा. हवेचा जोर स्पष्ट वाढला तर फिल्टर बदला. रिसर्क्युलेशनचा फ्लॅप खरोखर हलतो का, ते बटण दाबल्यावर ब्लोअरच्या आवाजातल्या फरकावरून कळतं. तो बाहेरच्या हवेवर अडकला असेल तर उभ्या गाडीत बॉनेटच्या मागच्या कडेने वर येणारी इंजिनची गरम हवा थेट आत येते. तिथली रबरी पट्टी फाटली असेल तर ती बदला.

हीटरमध्ये गरम पाणी फिरत राहिल्याने हवा कोमट होत असल्याचा संशय असेल तर ते पाणी थोडा वेळ थांबवून पाहा: इंजिन थंड असताना हीटरच्या रबरी नळीला नळी न कापणारा चिमटा लावायचा आणि मग मोजायचं. नळी जुनी, कडक झालेली असेल तर हे करू नका. तिला चीर जाते.

## टप्पा ७: प्रेशर, दोन्ही बाजूंचं एकदम

आता गेज. आर-१३४ए आणि बाहेर ३० ते ३५ अंश असताना, चालू एसीत लो साइडला (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) साधारण २५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइडला (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० पीएसआय अपेक्षित असतात. गाडीगणिक फरक पडतो, म्हणून आकड्यांपेक्षा जोडी बघा.

- लो जास्त, हाय खूप जास्त, पाणी मारलं की दोन्ही उतरतात: हवेचा प्रश्न, जादा गॅस, किंवा सिस्टिममध्ये हवा.
- लो कमी, हाय कमी: गॅस कमी. गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- लो जास्त, हाय कमी, रेस दिल्यावर दोन्ही योग्य दिशेने सरकतात: कॉम्प्रेसर थकलाय किंवा त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह बिघडलाय.
- लो फारच कमी, अगदी व्हॅक्यूमकडे: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (इव्हॅपोरेटरमध्ये जाणारा द्रव मोजून सोडणारा) किंवा वाटेत कुठेतरी अडथळा.

लो साइडचा आकडा थेट गारव्याशी बांधलेला आहे. ३० पीएसआयला आर-१३४ए सुमारे २ अंशांना उकळतो, ४५ ला १० अंशांना, ५५ ला जवळपास १५ अंशांना. आयडलवर लो साइड ५५ दाखवत असेल तर व्हेंटमधून १५ च्या खालची हवा येणारच नाही, ब्लोअर कितीही वाढवा.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, बंद गाडीचं प्रेशर पाहून "गॅस फुल आहे" म्हणणं. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी बंद गाडीचं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं: ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय, ३५ ला सुमारे ११४. अर्धा गॅस असला तरी तेवढंच, पूर्ण असला तरी तेवढंच. दुसरी चूक, एकच गेज असलेल्या गॅसच्या डब्याने फक्त लो साइड पाहून गॅस भरणं. हाय साइड न बघता भरलेला गॅस म्हणजे निव्वळ अंदाज.

सावधान: डबा हाय साइडला कधीही जोडू नका, तिथला दाब डबा फोडू शकतो. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे त्वचा आणि डोळे क्षणात गोठतात. आर-१२३४वायएफ तर पेटूही शकतो. त्याचं काम त्यासाठीच्या मशीनवरच करून घ्या.

## टप्पा ८: गॅसचं काम करायचंच असेल तर

क्रम असा: आहे तो गॅस मशीनने काढून वजन करणं, गळती शोधून बंद करणं, किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल काढून टाकणं), व्हॅक्यूम टिकतो का हे पाहणं, आणि मग स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार भरणं. गेजच्या काट्यावरून किंवा पाइपला हात लावून भरणं नको.

गॅरेजमध्ये एक प्रश्न नक्की विचारा: "किती ग्रॅम निघाला?" स्टिकरवर ५०० आणि निघाला ४९० असेल तर तुमची तक्रार गॅसची नव्हती. निघाला ६५० असेल तर आधीच्या टॉप-अपनेच घात केलाय. ३०० निघाला तर गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅसही तसाच जाईल. हा आकडा सांगायला तयार नसलेल्या ठिकाणी मी तरी गाडी देणार नाही.

गळती बुजवणारं सीलंट टाकू देऊ नका. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये आणि गॅस काढणाऱ्या मशीनमध्ये अडकतं, आणि पुढचं चांगलं गॅरेज तुमची गाडी घ्यायला नकार देतं. जुना गॅस हवेत सोडू देऊ नका. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो.

## काम झाल्यावर

पहिल्या दिवशीचेच तीन आकडे पुन्हा घ्या, दुपारीच, आणि आयडलवरचा वेळ १० ऐवजी २० मिनिटं करा. फॅन किती वेळाने सुरू होतो, कॉम्प्रेसर मधेच सुटतो का, शेवटच्या पाच मिनिटांत तापमान चढत राहतं की स्थिरावतं, हे लिहा. धावताना आणि उभी असताना ३-४ अंशांचा फरक चांगल्या गाडीतही राहतो, तो दोष समजून सुटे भाग बदलत बसू नका. व्हेंटमधली हवा बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी गार असेल आणि वीस मिनिटांनंतरही तिथेच टिकत असेल, तर काम पूर्ण झालं. तापमान हळूहळू चढतच राहिलं तर टप्पा ३.६ वर परत जा आणि टॉर्च घेऊन कडेच्या फटी पुन्हा एकदा बघा.